विचारलं तेवढंच

“काका, विचारलं तेवढंच.” हे म्हणताना ताई डावा तळहात फोनसमोर उभा धरायच्या, ट्रॅफिक पोलिसासारखा. फोन स्पीकरवर असायचा, पलीकडे नागपूर नाहीतर सातारा. म्हणजे तो हात कोणाला दिसायचाही नाही. तरी पलीकडचे काका गप्प व्हायचे.

आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत ज्याचे आईवडील भारतातून पहिल्यांदा येणार असत, तो रविवारी सकाळी ताईंच्या दारात हजर. व्हिसाच्या मुलाखतीची तालीम असायची. ताई ऑफिसर व्हायच्या आणि जाड आवाज काढून प्रश्न विचारायच्या. त्या मूळच्या सांगलीच्या, तरुणपणी शिकायला आलेल्या, इथल्या नागरिक होऊनही जमाना झालेला. नोकरी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. हे तालमीचं काम निव्वळ हौसेचं.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ताईंनी विचारलं, “तिकडे कशासाठी जाताय?” बाबांनी मला सहावा महिना लागल्यापासून जी सुरुवात केली ते माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत जाऊन पोचले.

“काका, व्हिसा रिजेक्ट झाला. आता परत. कशासाठी जाताय?”

“मुलीला भेटायला.”

“शाबास. गुडघ्यांचं इथे आल्यावर सांगा.”

बाबांना तीन मिनिटांत व्हिसा मिळाला. शेवटपर्यंत ते ताईंना मास्तरीणबाई म्हणत.

तालीम चालू असताना आतून कॉफीचा वास यायचा. ती इनेस. कोलंबिया देशाची, ताईंच्याच युनिव्हर्सिटीतल्या एका लॅबमध्ये कामाला, ताईंपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. ताईंच्या आई, म्हणजे आमच्या आजी, याच घरात राहायच्या. आजींना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि इनेसला मराठीत ‘बसा’ आणि ‘जेवा’ एवढंच. तेवढ्यावर दोघींचं मजेत चाललं होतं. हळूहळू आजींना माणसं ओळखेनाशी झाली, पण इनेसने घास पुढे केला की तोंड उघडायच्या.

इथल्या मराठी मंडळात इनेसची ओळख ‘ताईंची रूममेट’ अशी होती. कुठल्या रूममेट्स पन्नाशीत एकत्र घर घेतात आणि एकीच्या आईला दुसरी आंघोळ घालते, हे आम्हांला कळत नव्हतं असं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल. आम्ही विषय काढत नव्हतो, आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होतो. मीही त्यातलीच.

मग लॅब बंद पडली, इनेसची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर व्हिसाही. तिला परत जावं लागलं. आता हे नीट बघा. नागरिक म्हणून ताईंनी आईला इथे आणलं होतं. सांगलीच्या भावासाठी अर्ज केला असता तर तोही कधीतरी आला असता. नवरा असता तर वर्षाच्या आत आला असता. इनेसला मात्र त्या आणू शकत नव्हत्या. शेजारच्या राज्यात दोन बायकांना लग्न करता येत होतं, पण इमिग्रेशनच्या लेखी त्या लग्नाला किंमत नव्हती. वकील म्हणाला, लग्न करूही नका. कागदावर दिसलं तर साधा व्हिजिटर व्हिसाही मिळायचा नाही. ताईंनी तिकडे जावं, तर आजींना घेऊन कुठे जाणार?

तेव्हा व्हिजिटर व्हिसाच मागायचं ठरलं. तीन आठवडे तर तीन आठवडे. तालमीसाठी ताईंनी मला बोलावलं.

“तू हो ऑफिसर. माझ्याच्याने नाही होणार.”

मी जाड आवाज काढला. “न्यू जर्सीत कोणाकडे उतरणार?”

स्क्रीनवरची इनेस म्हणाली, “मैत्रिणीकडे.”

“व्हेरी गुड,” मी म्हटलं. त्या दिवशी मी तिच्याकडून ते दहा वेळा म्हणवून घेतलं. ताई आमच्याकडे पाठ करून कोरड्या झालेल्या कपबश्या पुसत होत्या.

मुलाखतीच्या दिवशी मी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे गेले. चेहऱ्यावरूनच कळलं. खिडकीपलीकडच्या ऑफिसरने साधंच विचारलं होतं, तिथे तुमचं कोण आहे? आणि इनेसने सांगून टाकलं होतं, “माझं घर आहे तिथे. ज्या बाईकडे जातेय तिच्याबरोबर मी अकरा वर्षं संसार केलाय.” जिचं घरच अमेरिकेत आहे ती परत कशाला जाईल? व्हिसा नाकारला.

मी चिडले. “एवढी प्रॅक्टिस केली होती, ताई. कशाला बोलली ती?”

“अगं, अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं. तिच्याने खोटं बोलवलं नाही.” मग म्हणाल्या, “मला तर अजून कोणी विचारलेलंच नाही.”

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आठवड्यातून चारदा त्या घरात चहा पीत होते. त्या क्षणी तरी विचारायचं, पण मी आजींना औषध दिलं का, असं विचारलं.

पुढे रविवारच्या तालमी बंद झाल्या. कोणी फोन केला तर ताई म्हणायच्या, “आता मला जमत नाही.” संध्याकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा असायचा. पलीकडून इनेस “जेवा, जेवा” म्हणायची, तेव्हा कुठे आजी दोन घास खायच्या.

फेब्रुवारीत, लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीवरचा बर्फ काढताना ताई कोसळल्या. हॉस्पिटलात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं. इनेसला फोन मी केला. तिने तातडीच्या व्हिसासाठी अर्ज केला. मृत व्यक्तीशी नातं काय, असं त्यात विचारलं होतं. कायद्याने मान्य असलेलं काही लिहिण्यासारखं नव्हतं. तिला वेळेत येता आलं नाही. अंत्यविधीला मंडळातले साठ लोक होते. भाषणं झाली, सगळ्यांनी तालमींच्या गमती सांगितल्या, लोक हसले, रडले. मीही बोलले. इनेसचं नाव कोणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही. ही गोष्ट मला अजून झोंबते. आजींना ताईंचा भाऊ येऊन सांगलीला घेऊन गेला.

त्याच उन्हाळ्यात कायदा बदलला, इमिग्रेशनलाही अशी लग्नं मान्य झाली. ऑफिसात कोणीतरी बातमी मोठ्याने वाचली, टाळ्या वाजल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ताईंना जाऊन चार महिने झाले होते.

पुढच्या वर्षी इनेस आली, आठ दिवसांसाठी. मी नेवार्क विमानतळावर घ्यायला गेले. फार वाळली होती. घर विकलं गेलेलं, तरी त्या रस्त्यावरून जाऊ या म्हणाली. सिग्नलला थांबलो असताना मी विचारलं, “ह्या वेळी व्हिसाला त्रास झाला का?”

“नाही,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं, तिथे तुमचं कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. लगेच हो म्हणाले.”

मी आहे की, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हणवलं नाही.