बोदलकशाला हरवलेली आईची अंगठी

बाबा गेल्यापासून आई कुठेच गेली नव्हती. दिवाळीनंतर एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "मला रानगवा बघायचाय. खराखुरा." त्याच दुपारी मी तिकिटं काढली.

नाशिकहून आम्ही रेल्वेने तिरोड्याला उतरलो. तिथून बोदलकशाला ऑटोने गेलो. तुम्ही गेलात तर परतीची ऑटो मात्र आधीच ठरवून ठेवा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, आणि मग एकदम डोंगरांमध्ये पसरलेला तलाव. "अगं, हे फुकट बघायला मिळतंय?" आई म्हणाली.

आमचं लॉज साधं, पण स्वच्छ होतं. भाड्यात जेवण धरलेलं, सफारीचे पैसे वेगळे. खोल्यांची झाडलोट सुनंदाताई करायच्या. आल्या आल्या त्यांनी बादलीभर गरम पाणी आणलं. "थंडी लय आहे जी आजी. पाय शेका." रात्री भात, तलावातल्या मासळीचा रस्सा आणि लाखोळी डाळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. आईने रस्सा दोनदा घेतला.

पहाटे उघड्या जिप्सीतून नागझिरा अभयारण्यात शिरलो. तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट गरम कपडे न्या! चितळं दिसली, मोर दिसले, आणि वळणावर धुक्यातून तो आला. काळाकभिन्न, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. आईने लहान मुलीसारखा हात लांब करून दाखवला आणि मी फोटो काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने, असं तिचं म्हणणं.

लॉजवर परतून कपडे बदलले, नाश्ता करून आलो, तोवर खोली झाडून झाली होती. आईने उशी उचलली आणि तिचा चेहरा पडला. बाबांनी दिलेली अंगठी नव्हती.

"जंगलातून आल्यावर काढून इथेच ठेवली होती. रोज ठेवते तशी."

गादी, कपाट, पर्स, सगळं उलटंपालटं केलं. मग आई व्हरांड्यात जाऊन मोठ्याने म्हणाली, "खोलीत ती सुनंदाच आली होती ना?"

इतर पाहुणे बाहेर आले. मॅनेजर धावत आला. "मॅडम, आप टेन्शन मत लो. तक्रार द्या, मी तिला आजच काढतो." सुनंदाताईंची पिशवी घेऊन तो ऑफिसकडे वळला, तशा त्या आडव्या आल्या.

"आत कायले नेता जी? सारे पाहून राहिले, तं साऱ्यायसमोरच उघडा."

पिशवीत डबा, कंगवा आणि औषधाची पट्टी निघाली. मला मान वर करवेना.

"लपवली असेल कुठेतरी," मॅनेजर म्हणाला. "अंगठीचा एखादा फोटो द्या, तक्रारीला जोडू."

मी मोबाइल उघडला. गव्याकडे लांब केलेला आईचा हात मोठा करून पाहिला. बोट मोकळं होतं.

"आई, जंगलातच तुझ्या हातात अंगठी नव्हती."

तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "थंडीने सैल झाली होती गं. पडेल म्हणून... शालीच्या टोकाला गाठ मारली."

मळक्या कपड्यांच्या पिशवीत हात घालायचं आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. शाल तिथेच होती. गाठ घट्ट होती.

आई स्वयंपाकघरात गेली, हात जोडले. सुनंदाताई भांडी विसळत होत्या.

"हात कायले जोडता जी? नाव साऱ्यायसमोर घेतलं ना? तं सांगा बी साऱ्यायसमोरच."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी माझी आई जेवणाच्या वेळी उभी राहिली. "ऐका हो सगळे. अंगठी माझ्याच शालीत निघाली. मी या बाईवर खोटा आळ घेतला." मग मॅनेजरकडे वळून, "आणि तुम्ही पिशवी उघडलीत ना? मागा माफी!"

"सॉरी, ताई," तो पुटपुटला.

"आता जेवा आजी," दारातून सुनंदाताईंचा आवाज आला. "अन् अंगठी बोटातच ठेवा, नाही तं रश्शात जाईन." सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने आई.

संध्याकाळी दोघी तलावाकाठी उकडलेले शिंगाडे सोलत बसल्या. सुनंदाताई चिडवत होत्या आणि आई ऐकून घेत होती.

तुम्ही जाणार असाल तर सोनं घरीच ठेवा, कुलूप स्वतः लावा. खरंच चोरी झाली तर पोलिसांकडे जरूर जा. त्याआधी मळके कपडे झटका.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढ्या आडबाजूला बायकांना सुरक्षित वाटतं का हो?"

आई अंगठी फिरवत म्हणाली, "आपल्याला काय धाड भरलीय! सांभाळून राहायला लागलं ते सुनंदाला. माझ्यापासून."