देवराईच्या तोंडाशी बूट

ती दुपार मला अजून सोडत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी आंबेगाव तालुक्यात नवाकोरा फौजदार. ठाण्यात माझी ओळख नकलाकार म्हणून. साहेबांच्या खोकल्यापासून आळेफाट्यावरच्या जीपवाल्यांच्या आरोळीपर्यंत सगळं काढायचो.

मे महिना. आहुप्याच्या पोलीस पाटलांचा फोन आला. पुण्याची तीन पोरं देवराईतून कड्यावर आणि तिकडून वळसा घालून परत गावात, असा फेरा मारायला गेलेली. दोघंच परत आली. तिसऱ्याबद्दल दोघं सांगत होती, "पुढे कड्याकडे गेला, मग दिसलाच नाही." कडा म्हणजे खाली थेट कोकण. आम्ही दोर घेऊन जीप दामटली. पोचलो तेव्हा गावकरी कड्यावर पालथे पडून दरीत हाका मारत होते. खालून आपलाच आवाज परत यायचा. ऊन कलायला लागलं.

तेवढ्यात करवंदं काढणारी एक बाई माझ्याजवळ आली. "सायेब, देवराईच्या तोंडाशी बूट पडल्यात. सकाळी अकरापासनं तसंच हायेत. धनी काय फिरकला न्हाई."

गेलो. शहरी बूट, आत मोजे नीट घडी करून ठेवलेले. आमचा हवालदार कानात पुटपुटला, "साहेब, बूट काढून माणूस उडीच मारतो."

बाई खेकसली, "उडी कशाची? द्येवाच्या रानात पायताण घालून जात्यात व्हय? तुमी बी काढा!"

आम्हीही काढले. आत शिरून पलीकडे कड्याच्या वाटेवर पाय टाकला आणि टुणकन मागे आलो. कातळ कसला, तवाच होता तो.

"नाचताय काय, राव?" बाई हसली.

मला हसू आलं नाही. अनवाणी पोरगा हा कातळ तुडवून कड्यापर्यंत गेला कसा?

परत आलेल्या दोन्ही मित्रांना वेगवेगळ्या झाडांखाली बसवून जबाब घेतले. शब्दाला शब्द सारखे. खरं सांगणारी दोन माणसं असं बोलत नाहीत; एक उन्हाचं सांगतो, दुसरा तहानेचं. मग थोरल्याला मी त्याचाच जबाब त्याच्याच आवाजात ऐकवला, मान उडवून, हेल काढून. "ॲक्च्युअली सर, तो पुढे कड्याकडे गेला, मग दिसलाच नाही." त्याला आधी हसू आलं. मी पुन्हा म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. तो रडायलाच लागला.

"नाही गेला सर कड्याकडे. गावातल्यांनी सांगितलं म्हणून तो बूट काढत बसला. आम्ही चेष्टा केली, 'महाराज, सावकाश या,' आणि निघालो. थांबलोच नाही. बूट तिथेच टाकून तो आमच्यामागे धावला असणार."

"मग कड्याचं का सांगितलंस?"

"सोडून आलो, असं त्याच्या आईला कसं सांगणार?"

"पाणी आहे त्याच्याकडे?"

त्याने स्वतःच्याच पाठीवरच्या सॅककडे बोट केलं. तिघांचंही पाणी त्यातच होतं.

कड्यावरची सगळी माणसं देवराईत वळवली. तिथे इतकी दाट झाडी, की दिवसाही अंधारल्यासारखं. आम्ही ओरडायचो, मग गप्प राहून कान द्यायचो. पानांची सळसळ झाली तरी तिकडे धावायचो. अखेर एका कोरड्या ओढ्यात, दगडांच्या सांदीत तो दिसला. घोटा सुजलेला, ओठ फुटलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला. मी हात त्याच्या नाकाशी नेला. श्वास होता. हवालदाराने रुमाल भिजवून ओठांना लावला. जरा वेळाने त्याने डोळे उघडले. त्याचे दोघे मित्र त्याच्या डोक्यामागे उभे, त्याला दिसत नव्हते.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "माझे दोन मित्र सापडले का? चुकलेत ते या रानात. त्यांनाच शोधत होतो मी."

मागे थोरल्याने सॅक उतरवून पाण्याची बाटली काढली.

पुढे नोकरीत असले जबाब पुष्कळ घेतले. माणूस हरवल्याची खबर घेऊन कोणी आला, की त्याला पाणी द्यायचो, बसवायचो आणि म्हणायचो, "तो कुठे गेला ते राहू दे, भाऊ. तू त्याला कुठे सोडलंस, ते सांग."