तासिकेवरच्या मॅडम

सुकन्या राज्यशास्त्राकडे वळली ती रागापायी. ती नववीत असताना तिची आई साखराबाई नांदूरघाटजवळच्या त्यांच्या गावात राखीव जागेवर ग्रामपंचायतीची सदस्य झाली. घरात मेंढरं, वडील आसाराम दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडावरच परतायचे. पंचायतीचा शिपाई महिन्यातून एकदा दारात यायचा, रजिस्टर उघडायचा आणि साखराबाईचा अंगठा घेऊन जायचा. एकदा सुकन्यानं ते रजिस्टर त्याच्या हातातून ओढून वाचलं. ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली सूचक म्हणून आईचं नाव.

“आये, तू गेलतीस का सभेला?”

“मला कोण बोलवतंय? अन् गेले तर लेकरं कोण बघंल, मेंढरं कोण बघंल?”

शिपाई हसला. त्या हसण्यानं पोरीच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती गेलीच.

एम.ए. झालं, सेट झाली, पीएचडी झाली. पस्तिशी ओलांडली तेव्हा ती धारूरकडच्या एका कॉलेजात आठ वर्षं राज्यशास्त्र शिकवत होती, पण तासिकेवर. म्हणजे घेतला तेवढाच तास आपला. हजेरीपटावर नाव नाही, रजा नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. पोरं मात्र तिलाच ‘मॅडम’ म्हणायची, कारण वर्गावर तीच दिसायची. विभागातल्या कायम प्राध्यापक होत्या वनमालाबाई, संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांच्या सूनबाई. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या, सह्या करायच्या, सुकन्याला गोड बोलायच्या, “तू आहेस म्हणून निभतंय गं,” म्हणायच्या.

ग्रामसभा म्हणजे पाच मार्कांचं उत्तर, एवढंच पोरांना ठाऊक. सुकन्यानं त्यांना दोन ऑक्टोबरला आपापल्या गावच्या सभेला धाडलं. किती माणसं आली, कोण कुठं बसलं, कोण बोललं, बायका किती, सगळं लिहून आणायचं. मग माहितीच्या अधिकारात त्याच सभेच्या रजिस्टरची प्रत मागवायची आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. एका गावात चौदा माणसं हजर होती; रजिस्टरात एकशे सहा सह्या. अंजू नावाची मुलगी प्रत बघता बघता एकदम थांबली.

“मॅडम, ह्यात माझ्या चुलत्याची बी सही हाय. त्यो तर दोन सालांखाली वारला.”

अंजूनं सुकन्याला हळूच विनवलं, गावाचं नाव लिहू नका, घरच्यांना त्रास होईल. म्हणून गावांच्या तक्त्यात त्या ओळीला नुसतं ‘ग’ राहिलं.

तीन वर्षं हे चाललं. सुकन्यानं त्याचा जाडजूड अहवाल केला. त्याच सुमारास पुण्यातल्या एका केंद्राचं पत्रक आलं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी चौदा दिवसांचा रिफ्रेशर कोर्स, त्यात प्रत्येकानं आपल्या वर्गातला एखादा प्रयोग मांडायचा. कायम असलेले लोक बढतीसाठी असे कोर्स करत आणि परत येऊन तिथल्या जेवणाच्या गोष्टी सांगत. सुकन्याला खरंच शिकायचं होतं. अर्जाला फक्त प्राचार्यांचं पत्र लागत होतं.

“तासिकेवाल्यांना पत्र देता येत न्हाई, बाई,” प्राचार्य भागवत सर म्हणाले. “नियम हाय.”

“कोणता नियम, सर?”

“नियम म्हंजे नियम. तुमी अहवाल ठेवून जा. अध्यक्षसाहेबांशी बोलून बघतो.”

ती अहवाल ठेवून आली. त्या एका गोष्टीचा तिला पुढं स्वतःचाच लई राग आला.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या सभागृहात वनमालाबाईंचा सत्कार झाला. पुण्याच्या कोर्समध्ये त्यांचा प्रयोग पहिला आला होता. सुकन्या मागच्या रांगेत बसली होती. पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तक्ता तिचा. वाक्यं तिची. ‘उपस्थिती’तल्या ‘स्थि’ला तिनं चुकून दिलेली दीर्घ वेलांटीसुद्धा तशीच. मुलांसोबतच्या फोटोतून तिला कापून टाकलं होतं, फक्त कोपर राहिलं होतं.

टाळ्या थांबल्या तशी ती उभी राहिली.

“मॅडम, तक्त्यात तिसऱ्या ओळीत गावाचं नाव न्हाई. नुसतं ‘ग’ हाय. कावून?”

वनमालाबाईंनी पडद्याकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं.

“बसा बाई,” सुंदरराव म्हणाले. “कार्यक्रम चालू हाय.”

“कार्यक्रम माझाच चालू हाय, साहेब. त्या ओळीत एका मेलेल्या माणसाची सही हाय. कोणाची, ते ह्यांना विचारा. तीन वर्षं मी पोरांना सभेत उभं राहून प्रश्न विचारायला शिकवलं. आज मी बसले तर उद्या कोणत्या तोंडानं वर्गावर जाऊ?”

सहकारी मोबाईलमध्ये बघत राहिले. ज्यांच्यासोबत आठ वर्षं डबा खाल्ला, तेसुद्धा. सुंदररावांपेक्षा तिला त्यांचीच चीड जास्त आली.

सोमवारी वेळापत्रकातून तिचं नाव गेलं. “वर्कलोड कमी झालाय,” कारकून म्हणाला, तिच्याकडं न बघता.

तिनं कॉलेजलाच माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तासिकेवरच्या शिक्षकाला प्रशिक्षणाचं पत्र देऊ नये, या नियमाची प्रत द्यावी. महिना सरता सरता उत्तर आलं : ‘असा कोणताही नियम या कार्यालयात उपलब्ध नाही.’ तिला आनंद झाला नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. अशाच नसलेल्या नियमांपुढं तिनं आठ वर्षं मान खाली घातली होती.

ते उत्तर तिनं पुण्याच्या केंद्राला पाठवलं, सोबत पोरांच्या मूळ नोंदवह्यांचे फोटो. केंद्रप्रमुख बाईंचा फोन आला.

“पुढच्या कोर्सला थेट अर्ज करा. तुमची पात्रता पुरेशी आहे. मागच्या प्रयोगाचं मात्र आम्हाला काही करता येणार नाही. तो तुमच्या कॉलेजचा प्रश्न आहे.”

“म्हणजे चोरी तुमच्या व्यासपीठावर झाली, आणि प्रश्न आमचा?”

मग बाई म्हणाल्या, “या तुम्ही. भांडायला तरी या.”

ती डिसेंबरमध्ये गेली. भांडलीही. सगळं पहिल्यापासून मांडलं, वनमालाबाईंच्या नावासकट. एका वयस्क शिक्षकानं शेवटी विचारलं, “बायका बोलल्या नाहीत असं लिहिलंय. त्यांना बोलायचं काय होतं, ते विचारलंत?” तिनं विचारलं नव्हतं. ते तिला लागलं, पण असलं लागणं तिला आठ वर्षांत कुणी दिलं नव्हतं. त्या रात्री तिनं सगळी प्रश्नावली नव्यानं लिहायला घेतली.

परतल्यावर दिंद्रुडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिला तास मिळाले. पुन्हा तासिकेवरच. सुंदररावांना काही झालं नाही, वनमालाबाई आहेत तिथंच आहेत.

फेब्रुवारीत भागवत सरांचा फोन आला. आवाजात साखर होती.

“बाई, तपासणी समिती येतीय. त्यांना तो ग्रामसभेचा प्रयोग बघायचाय. वनमाला मॅडमला नीट सांगता येईना. तुमी दोन दिवस येऊन पोरांची तयारी करून घ्या. जूनमदी बघू आपण तुमचं.”

“अहवालावर नाव कुणाचं राहील?”

“अहो, आधी समिती तर जाऊ द्या.”

“सर, आठ वर्षं तुमी मला ‘बघू’ म्हणालात. आता समितीला म्हणा, बघू.”

तिनं फोन ठेवला. खरा राग तर तिला नंतर आला, स्वतःचा, कारण ‘दोन दिवस या’ ऐकताच क्षणभर तिनं मनात एस.टी.ची वेळ काढली होती. घंटा झाली. डोळे कोरडे करून ती त्याच रागात अकरावीच्या वर्गात शिरली.