अंगाला लागलेली लोकर

रत्नागिरीत राहून लोकरीचं विणकाम करणारी बाई थोडी वेडीच समजली जाते, आणि तसं समजणाऱ्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. स्वेटर घालावा अशी थंडी वर्षातून चार दिवस, तीही पहाटेपुरती. पण आमचे हे मालवाहू बोटीवर होते. ते जायचे त्या समुद्रांत म्हणे डेकवरचे दोरसुद्धा बर्फाने कडक होतात. मी तो दोर कधी पाहिला नाही, पण त्याच्या धास्तीने उभा संसार विणत राहिले. हे सुट्टीवर आले की स्वेटर, कानटोपी, मोजे तयार असायचे. भर मे महिन्यात घामाने निथळत ते सगळं अंगावर चढवून बघायचे, छान झालंय म्हणायचे आणि पुढच्या क्षणी ओढून काढायचे.

प्रत्येक स्वेटरामागे एखादा गुंडा उरतो. कमी पडायला नको म्हणून मी एक लडी जास्त आणायची, आणि ती लडी हमखास उरायची. ती टाकवत नाही, दुसऱ्या कशाला पुरत नाही. असे गुंडे साठत गेले आणि पलंगाखालची तांदळाची रिकामी गोणी भरली. हे निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा स्वेटर संपले, गोणी तेवढी राहिली.

मग मला उरलेल्या लोकरीचं काहीतरी करण्याचा झटका आला. टीव्हीला झूल, मिक्सरला झगा, पाण्याच्या बाटल्यांना परकर. एकदा कुकर उतरवायला पकडी विणल्या, त्यातली एक पहिल्याच दिवशी कुकरला चिकटून वितळली, कारण ती लोकर कसली, निम्मं प्लॅस्टिकच. मुलीच्या लग्नात तर मी कळसच केला. रुखवतात लोकरीचा अननस, लोकरीची हंसांची जोडी आणि सप्तपदीची सात लोकरीची पावलं मांडली. बायका वाकून वाकून बघत होत्या. लग्न झाल्यावर ते सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आमच्याच माळ्यावर गेलं, कारण मुलीने ते सासरी न्यायला साफ नकार दिला. हे म्हणाले, आता फक्त विहिरीला टोपडं विणायचं राहिलं आहे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मुलगी इथेच मिरजोळ्याला असते. जावई तिथल्या एका कारखान्यात आहेत, त्यांचं गाव देवरूखच्या पलीकडे डोंगरात. लग्नानंतर दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्हीदा राहिलं नाही. दुसऱ्या वेळी आनंदाच्या भरात मी पिवळी लोकर आणून टोपड्याचे टाके घातले होते. दवाखान्यातून ती थेट माझ्याकडे आली, सुईवर चढवलेलं ते पिवळं बघितलं आणि तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मला अजून दिसतं.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली, आडवं पडून राहायचं. डिसेंबरात जावई तिला आमच्याकडे सोडून गेले. आल्या आल्या तिने मला अट घातली. बाळासाठी काही करायचं नाही. काही आणायचं नाही, बोलायचंही नाही. नावं सुचवायची नाहीत. मी मान हलवली. आमच्या घरात पोटातल्या बाळाचा विषय तेव्हापासून बंद झाला, आणि तो बंद आहे हे घरातल्या प्रत्येक भांड्याला ठाऊक होतं. मी तिला पेज द्यायची, ती प्यायची, आणि दोघी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायचो. मनात मात्र माझं एकच चालू असायचं, देवा, हे एवढं तरी टिकू दे.

पडून पडून माणूस किती छत बघणार? एका सकाळी ती म्हणाली, हाताला काहीतरी दे. मी पलंगाखालची गोणी ओढून तिच्यासमोर उपडी केली. गुंडे एकमेकांत असे गुंतले होते की ओळख लागेना. ती उशीला टेकून गुंते सोडवत बसली. विणायला मी तिला लहानपणी शिकवलं होतं, पण तिला त्यात कधी रस नव्हता. आता सोडवता सोडवता तिने माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली. ही हिरवी कशातली? बाबांच्या दुसऱ्या फेरीच्या स्वेटरातली. मग उरलेल्या हिरव्याचं काय केलंस? बाटलीला परकर. ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळपास आली.

मग तिने तिचा कायदा सांगितला. उरलेल्या लोकरीचं जे करायचं ते असं हवं की ते कोण वापरणार हे आधी सांगता आलं पाहिजे. शोकेसमध्ये धूळ खाणारं काही नको. पूर्ण करण्यासाठी नवी लोकर आणावी लागेल असंही काही नको, नाहीतर पुन्हा उरतं आणि गोणी कधीच संपत नाही. मला जरा झोंबलंच. आयुष्यभर विणलं मी आणि कायदे करणार ही! पण मनात म्हटलं, पोरीला कशात तरी मत आहे, हेच पुष्कळ.

कोण वापरणार, हा प्रश्न यांनी सोडवला. आमच्या घराखालच्या उतारावर शेजाऱ्यांची आंब्याची बाग आहे. मोहोर धरला की तिथे राखणीला नेपाळी गडी येतात, झाडांखाली खोप घालून राहतात, दिवसा वानरं हाकलतात आणि पहाटेपर्यंत बॅटऱ्या घेऊन फिरतात. यांचं त्यांच्याशी मेतकूट. घर सोडून लांब राहणाऱ्या माणसाबद्दल यांना पहिल्यापासून माया आहे. ते म्हणाले, पहाटे दंव पडतं तेव्हा ती पोरं डोक्याला टॉवेल गुंडाळतात. झालं. कानटोप्या विणायच्या ठरल्या.

टोपीला लोकर फार लागत नाही, आणि पट्टे घातले तर कुठलाही उरलेला गुंडा खपतो. जाडीला जाडी जुळली पाहिजे एवढंच पथ्य. बारीक असेल तर दुहेरी धागा घ्यायचा. मी काठ विणून द्यायची, ती वरचं सरळ विणायची. तिचे टाके आधी इतके घट्ट यायचे की सुई आत शिरेना. मी सांगितलं, धागा बोटावर नुसता टेकव, आवळू नको. हळूहळू टाके सैल पडायला लागले. हे तयार टोप्या बागेत पोचवायचे आणि चहा पिऊन यायचे. एका पहाटे मी खिडकीतून बघितलं, खाली धुक्यात आमच्या टोप्या हिंडत होत्या. इतक्या वर्षांच्या विणकामाचं त्या दिवशी चीज झालं असं मला वाटलं. मुलीला जागं करून तिच्या पलंगाजवळच्या खिडकीतून दाखवलं. ती बोटाने टोप्या मोजत राहिली.

गोणी तळाला आली तशी तिने माळ्यावरच्या रुखवताची चौकशी केली. मला अंदाज आलाच होता. हंस उसवायला मी नाखुशीनेच दिला, पण एक टोक मिळाल्यावर तो इतक्या सरसर उसवला की मलाच गंमत वाटायला लागली. उसवलेली लोकर कुरळी होते. ती पाटाला गुंडाळून, पाण्याचा हात मारून वाळवली की सरळ होते. त्या आठवड्यात आमच्या अंगणात सुपारीऐवजी हंस वाळत होते.

जानेवारीच्या शेवटी विहीणबाई आल्या, कुळथाचं पीठ, नाचणी आणि गावठी अंडी घेऊन. बाई कमी बोलतात, बोलतात ते तोडून बोलतात. मुलीच्या उशाशी बसून त्यांनी टोप्या हातात घेऊन पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या. मग, बाळासाठी काही विणावं हे मला वाटतं माझ्याच मनातलं ओळखून, म्हणाल्या, "आमच्यात पोर हाताला लागल्याबिगर नवा दोरा घरात आणत नाय. पयलं अंगाला जुनंच लागतं."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडेही बाळाला पहिल्यांदा गुंडाळायला म्हाताऱ्या माणसाचं जुनं धोतर किंवा विरलेली साडी काढून ठेवतात. मी हो म्हणून विषय बदलणार, एवढ्यात मुलगी भिंतीकडे बघत बोलली. "आई, उरलेली लोकर जुनी का नवी?"

तिने हे कुठल्या आईला विचारलं तेही कळलं नाही. मी हातातलं विणकाम खाली ठेवलं. गेल्या दोन महिन्यांत तिने पहिल्यांदा त्या बंद दाराची कडी हातात धरली होती, आणि माझ्या तोंडून एक शब्द चुकीचा गेला असता तर तिने ती सोडून दिली असती. विहीणबाईंनी मात्र प्रश्न जसा आला तसा घेतला. विचार करून म्हणाल्या, "अंगाला लागली असंल तर जुनी. नुसती पडून ऱ्हायली म्हणून जुनी व्हत नाय."

झाली का पंचाईत! गोणीतली लोकर स्वेटरांतून उरलेली, म्हणजे कुणाच्याच अंगाला न लागलेली. हंसाला आणि अननसाला काय अंग? आणि यांचे बोटीवरचे जुने स्वेटर तर यांनी केव्हाच कुणाकुणाला देऊन टाकले होते. मुलीचा चेहरा पुन्हा मिटायला लागला.

दारात हे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "अगो, मग माझ्या अंगाला लाव की. त्यात काय?"

आधी कुणाला समजलंच नाही. मग त्यांनी समजावलं. चांगली मऊ लोकर निवडा, तिचा मफलर विणा, तो मी घालीन. मग तो उसवा आणि काय करायचं ते करा. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांच्या शास्त्रात हे बसतं का? त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या की दिवसभर घालायला हवा, उगाच खांद्यावर टाकून चालायचं नाही. हे म्हणाले, घालतो.

मुलीने लोकर निवडली, पांढरी आणि फिकी निळी, दोन्ही गुंडे मिळून टोपड्याला जेमतेम पुरतील एवढे. मी जाड सुयांवर सैलसर, अरुंद, गळ्याभोवती जेमतेम येईल असा मफलर विणून दिला. फेब्रुवारी लागला होता, थंडी पळाली होती. हे सकाळी मफलर गुंडाळून बाहेर पडले ते मासळीबाजार, बँक, केस कापायचं दुकान, सगळीकडे तसेच फिरले. ज्याने त्याने विचारलं, काय हो, बरं नाही का? यांनी सगळ्यांना सांगितलं, घसा धरलाय. एकाने काढ्याची पुडी बांधून दिली. दुपारी जेवतानाही त्यांनी तो काढला नाही. मानेवर घामोळं उठलं, चेहरा लालबुंद झाला. मुलगी पलंगावरून त्यांच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिला हसू फुटलं. पोटाला हात लावून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात इतक्या महिन्यांनी हसणं आलं होतं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्याही डोळ्यांचा भरवसा नव्हता. संध्याकाळी हे मफलर तिच्या हातात देत म्हणाले, घे, जुना झाला. मीपण झालो.

तो धुऊन, उसवून, लोकर पाटाला गुंडाळून वाळवली. टोपडं तिने एकटीने विणलं. मला हात लावू दिला नाही. एका ठिकाणी टाका गळला होता, मला दिसला, तो मी तसाच राहू दिला.

बाळ थोडं लवकर आलं. एका सकाळी पोटात दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत आम्ही सगळे दवाखान्याच्या बाकावर होतो. मुलगी झाली. वजन कमी होतं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली. ते दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. मग एकदा नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, बाळाला आता आईजवळ देतोय, टोपडं असेल तर द्या. जावयांनी पिशवीतून ते काढून दिलं. ते इतकं मोठं झालं की बाळाचे डोळेच झाकले. नर्सबाईंनी काठ दुमडून बसवलं.

मी आत गेले तेव्हा मुलगी बाळाकडे बघत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, आता नवी लोकर आण."

कुठल्या रंगाची, असं मी विचारलं.

"तुला आवडेल ती. आणि जास्तच आण. उरली तर उरू दे."

मी तशीच बाजारात गेले. दुपारची वेळ, लेस-बटणं-लोकरीचं ते दुकान बंद होतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि डिसेंबरापासून जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, पोटभर रडून घेतलं.