मामांची ट्रंक

आमच्या हिच्या मामांइतका सदा तयार माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि त्यांची तयारी ऐन वेळी फसली ती माझ्यामुळे, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.

मामांचं उचगावात बियाणांचं दुकान होतं, आणि त्यांच्याच माडीवर आम्ही भाड्यानं राहायचो. सरकारी परवाना काढून हौसेनं बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांपैकी ते एक. पण संदेशांपेक्षा त्यांचा जीव अडकला होता एका पत्र्याच्या ट्रंकेत. पुरात तारा तुटल्या, टेलिफोन मुके झाले, तर ही ट्रंक घेऊन निघायचं, या एका क्षणासाठी ते वर्षभर जगत. गाव बेंदराला बैलांची शिंगं रंगवी, तेव्हा मामा ट्रंक भरत. सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला सेट, तारेची वेटोळी, मोटारीची बॅटरी, कापूर, सुपारी. मग ट्रंकेला कुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य. "पैली पोळी तिला. मी काय, उरल्यावर," असं मामी दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी पोळी ऊन ऊनच आणून देत. ट्रंक भरायच्या आधी अंधारातला सराव म्हणून मामा डोळ्यांना पंचा बांधून सगळी जोडणी करत. एकदा एरियलची तार त्यांनी खांब समजून शेजाऱ्यांच्या म्हशीच्या शिंगाला बांधली. म्हैस उठून पाण्याला निघाली, तरी हे कानाला हेडफोन लावून बसलेले. "आवाज लांब लांब चाललाय म्हणून मी मगापास्नं सांगतुय की," म्हणाले.

ट्रंक भरली की लाल दोऱ्याची गाठ पडे. ती पूर येईपर्यंत सोडायची नाही, म्हणजे आत दमट हवा शिरत नाही, हा त्यांचा कायदा. "पावणं, एकदा नीट भरलं की परत उघडून बघायचं न्हाय. बघावंसं वाटलं म्हंजे नीट भरलंच नव्हतं." गाठ कशी मारायची हे त्यांनी फक्त मला शिकवलं होतं.

आमच्या मुलीच्या बारशाला ऐन दुपारी लाईट गेली. गाण्यांचा कर्णा मुका झाला आणि पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मामा-मामी एका लग्नाला जयसिंगपूरला गेलेले. मी खाली गेलो, गाठ सोडली, बॅटरी काढली. संध्याकाळपर्यंत कर्णा वाजला. मग बॅटरी जागच्या जागी ठेवली आणि तशीच गाठ मारली. मामा आल्यावर सांगू म्हटलं. ते आले, पावसानंही जोर धरला, आणि माझं सांगणं उद्यावर जात राहिलं.

मग एका सकाळी मामलेदार कचेरीची जीप दारात उभी राहिली. नदीपलीकडच्या एका गावाचा संबंध तुटला होता. तेव्हा तरी तोंड उघडायचं. ट्रंकेचं एक कडं मामांच्या हातात, दुसरं माझ्या. तसेच निघालो. नावेतून आम्ही गावात पोचलो आणि आम्हाला उतरवून नाव दुसऱ्या गावाला गेली. शाळेच्या ओट्यावर एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला डॉक्टर हवा होता. मामांनी भराभर सगळं जोडलं, एकही तार चुकली नाही. सेटचा काटा मात्र हलला नाही. शेवटी एक गडी गुऱ्हाळाच्या काहिलीत, गूळ शिजवायच्या त्या मोठ्या कढईत, बसून पाण्यात शिरला आणि दुपार कलता डॉक्टर घेऊन आला. बाई वाचली, बाळही वाचलं.

मामा बॅटरीवर हात ठेवून बसले होते. "चार्जिंगला लावायचीच इसरलो व्हय मी?" त्यांनी मला विचारलं. मलाच विचारलं. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, मामा."

पुढच्या बेंदराला ट्रंक माळ्यावरून खाली आली नाही. "माझ्या डोस्क्याचा आता भरवसा न्हाय, पावणं," एवढंच म्हणाले. दुकान बंद करून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघत, मग पुन्हा परत येत. मामी हसत, "बघा, बघा, पळून गेलं आसल कुलूप." मामाही हसत आणि पुन्हा ओढून बघत. माडीच्या खिडकीतून मी ते कितीतरी वर्षं पाहिलं.

गेल्या वर्षी मामा गेले. ट्रंकेत आता मामी तुरीची डाळ ठेवतात. "मामा, बॅटरी बारशाला मीच उतरवली होती, तुम्ही काहीही विसरला नव्हता." एवढं बोलणं मी मामांचं देणं लागतो.