मैदानातली सरकी

नार्नूरला मी रोज सकाळी बस बदलतो. थांब्यासमोर मराठी शाळा होती. तिथल्या विज्ञानाच्या मास्तरांना मी पाच वर्षं कुंपणाबाहेरून पाहिलं, नाव मात्र कधी विचारलं नाही.

अणूचा धडा आला की ते शर्टाच्या खिशातून कापसाची एक सरकी काढायचे, मैदानाच्या मधोमध ठेवायचे आणि पोरांना कुंपणाच्या कडेनं पळायला लावायचे.

"हे अणूचं केंद्र. सारं वजन याच्यात हाय. तुमी इलेक्ट्रॉन. मंग मधात काय हाय?"

"काहीच नाही, सर!" पोरं धापा टाकत ओरडायची. मास्तर खूश होऊन हाताचा खडू झटकायचे. त्या वर्गात मी कधी बसलो नाही, पण अणू मला तिथंच कळला.

मग एकेक पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून जाऊ लागलं. शेवटच्या वर्षी दोनच इलेक्ट्रॉन पळत होते. उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं.

परवा मास्तर बंद फाटकाशी उभे दिसले. शेवटच्या धड्याची सरकी उचलायची राहून गेली होती. मैदानाच्या मधोमध तिचं गुडघ्याएवढं झाड झालं होतं. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मास्तर, झाड जोमात आलं."

सवयीनं त्यांनी हात झटकले. हाताला खडू नव्हता.

"पोरं खेळत असते तं हे उगवलंच नसतं," ते म्हणाले.