विहिरीवरची ओंजळ

मुलांनो, तुमच्यापैकी एकीला पाणी आणि सरकारी धोरणावरच्या पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून आज लिहिते.

दुष्काळात, मी पिंपळगाव रेणुकाईला शिक्षिका असताना, असाच शिष्यवृत्तीवरचा एक इंजिनिअर विहिरींचं पाणी मोजायला आला होता. भोकरदनकडचाच, बौद्ध घरातला. गावच्या विहिरीवर त्याने मोजायचा दोर काढताच तिथले एक म्हातारे म्हणाले, "दोर इकडं द्या, साहेब. आमचा माणूस सोडंल."

त्याने दोर दिला. नंतर मला म्हणाला, "पाणी किती, ते कळलं, बाई. कुणाला मिळंल, तेच शोधून राह्यलो."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. सवयीने त्याने वाकून ओंजळ धरली. मग ओशाळून तांब्या घेतला.

त्याचा प्रबंध पुरा झाला का, कळलं नाही. ती विहीर बुजली. तो तांब्या माझ्या घरी अजून वापरात आहे.